अडकलेला प्रेक्षक आणि मोकळा श्रोता

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आम्ही आमच्या वृद्ध आत्याबाईंना घेऊन एक मराठी चित्रपट पाहावयास गेलो होतो. तिकिटावर सायंकाळी सहाची वेळ छापलेली होती. आत्याबाईंचे सारे आयुष्य देवळाच्या शेजारी गेलेले. कीर्तन सहाला म्हटले की पावणेसहाला सभामंडपात जागा धरावयाची, ही त्यांची जुनी शिस्त. तिला अनुसरून आम्ही पावणेसहालाच खुर्च्यांवर जाऊन बसलो. सहा वाजले, दिवे मंद झाले, आणि पडद्यावर सदनिका, दागिने, मसाले व मोटारी यांची मिरवणूक सुरू झाली. ती आटोपून चित्रपटाचे पहिले दृश्य दिसावयास सहा वाजून सत्तावीस मिनिटे झाली. पार्श्वसंगीत एवढे कर्कश होते की आत्याबाईंनी पदर कानांवर ओढून घेतला, आणि पात्रे हळू बोलू लागली की तोच पदर दूर सारून त्या आमच्याकडे वळून विचारीत, "काय म्हणाला रे तो?" मध्यंतरानंतर जाहिराती पुन्हा आल्या. अखेरचे गीत चालू असतानाच दिवे लागले, दारे उघडली आणि झाडूवाले आत शिरले. बाहेर पायरीवर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सिनेमा बरा होता रे बाबा. पण आपण आलेले त्यांना नको होते, असे वाटले."

त्याच रात्री, मनाला थोडा विसावा मिळावा म्हणून, आम्ही एक मराठी पॉडकास्ट लावला. विषय आमच्या आवडीचा, देवळांपुढील दीपस्तंभांचा होता. बोलण्यास बोलावलेले गृहस्थ वयोवृद्ध आणि जाणकार. त्यांच्या पहिल्या दोन वाक्यांतच ते कळून चुकले. परंतु ती दोन वाक्ये ऐकण्यासाठी आम्हांस सहा मिनिटे थांबावे लागले. प्रथम ढोलताशांचे शीर्षकसंगीत, मग निवेदकाचे आत्मनिवेदन, मग 'लाईक करा, शेअर करा, सबस्क्राईब करा' ही त्रिसूत्री, मग प्रायोजकाचे स्तवन, मग पाहुण्यांच्या पदव्यांची यादी. पुढे ते गृहस्थ उत्सवाच्या रात्री दिव्यांत तेल कोण घालीत असे हे सांगू लागले, आणि त्यांचे वाक्य अर्ध्यावर असतानाच केसांच्या तेलाची जाहिरात दुप्पट आवाजात कानांत कोसळली. आम्ही ते यंत्र बंद केले. आणि मग ध्यानात आले की संध्याकाळी चित्रपटगृहात जे जे आमच्या वाट्याला आले होते, ते ते सारे रात्री घरबसल्या पुन्हा भेटले. फरक एवढाच की चित्रपटगृहातून आम्ही उठून गेलो नव्हतो.

हा फरक लहान दिसतो. परंतु पॉडकास्ट करणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. चित्रपटगृहातील प्रेक्षक हा अडकलेला माणूस असतो. त्याने पैसे मोजलेले असतात, घरून निघण्याची यातायात केलेली असते, बरोबर कुटुंब असते, आणि अंधारात दहा जणांच्या गुडघ्यांवरून उठून जाणे त्याला प्रशस्त वाटत नाही. म्हणून तो चरफडतो, पण बसून राहतो. पॉडकास्टच्या श्रोत्यापाशी यांतले एकही बंधन नाही. त्याने बहुधा पैसे दिलेले नसतात. तो भाजी चिरीत असतो, बसने प्रवास करीत असतो किंवा अंथरुणावर पडलेला असतो. आणि त्याचा अंगठा बंद करण्याच्या खुणेपासून बोटभर अंतरावर असतो. चित्रपटगृहाचा जो उद्धटपणा प्रेक्षक सोसतो, त्याच्या दशांशानेही पॉडकास्टचा श्रोता निघून जातो. आणि जाताना तक्रारदेखील करीत नाही.

प्रथम वेळेचा विचार करू. बेंगळूरमधील एका प्रेक्षकाने डिसेंबर २०२३ मधील एका खेळाविषयी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली होती. खेळाची जाहीर वेळ चार वाजून पाच मिनिटांची. चित्रपट सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटे जाहिरातींत गेली आणि पुढची कामे खोळंबली, एवढेच त्याचे म्हणणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल देऊन भरपाई देण्यास सांगितले. पुढे मार्च महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. कायद्याचे काय व्हावयाचे ते होवो. टीकाकाराच्या दृष्टीने या प्रकरणातील मर्म निराळे आहे. त्या गृहस्थाला चित्रपट आवडला की नाही हा प्रश्नच तेथे उपस्थित झाला नाही. तिकिटावर छापलेली वेळ हे एक वचन आहे आणि ते मोडले गेले, ही त्याची व्यथा होती. कलाकृती कितीही उत्तम असली तरी तिच्या दारातच झालेला वचनभंग ती भरून काढू शकत नाही.

पॉडकास्टवर वेळ छापलेली नसते. पण शीर्षक छापलेले असते, आणि तेही वचनच आहे. 'दीपस्तंभांची कहाणी' असे शीर्षक पाहून श्रोता आला असेल, तर त्याची घटका त्या क्षणापासून चालू झाली. पाहुण्यांचा परिचय एका वाक्यात होतो; उरलेला परिचय त्यांचे बोलणेच करून देते. आमचे कीर्तनकारही आख्यानाला एकदम हात घालीत नाहीत हे खरे. प्रथम नमन होते, पद होते, निरूपण होते. परंतु त्या नमनाने सभामंडपातील कुजबुज थांबते, मन एकाग्र होते, आणि पूर्वरंगात जो सिद्धान्त मांडला जातो तोच उत्तररंगातील कथेत फळाला येतो. म्हणजे ती प्रस्तावना श्रोत्याच्या उपयोगाची असते. पॉडकास्टच्या आरंभी ऐकू येणारी प्रस्तावना बहुधा करणाऱ्याच्या उपयोगाची असते. 'घडाभर तेल' ही म्हण आमच्या भाषेत उगाच आलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की जाहिराती घेतल्यावाचून खर्च कसा भागावा? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. पुष्कळसे मराठी व कोंकणी पॉडकास्ट करणारे लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून आणि पदरमोड करून हे काम करीत असतात; त्यांना चार पैसे मिळाले तर आम्हांस आनंदच आहे. आमचे म्हणणे इतकेच की जाहिरात कोठे यावी, किती वेळ यावी आणि कोणत्या आवाजात यावी, हेही संपादनाचेच काम आहे. निवेदकाने आपल्या तोंडाने, थोडक्यात, 'या भागाचा खर्च अमक्यांनी उचलला' असे सांगितले तर कोणताही समंजस श्रोता ते ऐकून घेतो. उत्सवात 'आजचा प्रसाद अमुक यजमानांकडून' असे सांगतात, त्याने कोणाचा विरस होत नाही.

यातूनच मध्यंतराचा प्रश्न निघतो. आमच्या देशात मध्यंतर हा चित्रपटाच्या रचनेचाच भाग मानला गेला आहे. राज कपूर यांच्या 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) या दीर्घ चित्रपटांस तर दोन दोन मध्यंतरे होती. चांगला दिग्दर्शक कथेला जेथे वळण मिळते तेथे प्रेक्षकाला सोडतो, म्हणजे बाहेर चहा पितानाही तो कथेतच असतो. उलट 'धोबी घाट' (२०११) हा चित्रपट मध्यंतराविना दाखविण्यात आला, कारण त्याची घडण तशी होती. हे दोन्ही निर्णय कर्त्यांनी विचारपूर्वक घेतलेले. अडचण उत्पन्न होते ती जेव्हा कात्री परक्या हातात जाते तेव्हा. मध्यंतराची कल्पना ज्यांत नाही असे परदेशी चित्रपट आमच्याकडे येतात तेव्हा घड्याळाकडे पाहून ते मध्येच तोडले जातात. पात्राने दार उघडले, आणि दारापलीकडे कोण आहे हे कळण्याआधी मक्याच्या लाह्यांची पाटी पडद्यावर येते.

अमेरिकेतही २०२३ साली या विषयावर वाद झाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' हा चित्रपट तीन तास सव्वीस मिनिटांचा होता आणि त्याला मध्यंतर नव्हते. काही चित्रपटगृहांनी आपल्या मनाने ते घातले. चित्रपट वितरित करणाऱ्यांनी तसे करण्यास मनाई केली. प्रेक्षकाची शारीरिक अडचण खरी आणि दिग्दर्शकाचा आग्रहही खरा, असा तो पेच होता. त्याचे एक समंजस उत्तर पुढच्याच वर्षी ब्रॅडी कॉर्बेट यांच्या 'द ब्रुटलिस्ट' या चित्रपटाने दिले. तोही साडेतीन तासांहून मोठा. पण त्यात पंधरा मिनिटांचे मध्यंतर दिग्दर्शकानेच योजले होते, आणि पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता. प्रेक्षकांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, उलट कौतुक केले. लांबीला लोक कंटाळतात असे जे म्हटले जाते ते यावरून खरे दिसत नाही. आपल्याला मध्ये कोठे थांबता येईल याचा विचार कर्त्याने केला आहे, एवढे कळले की माणूस पुष्कळ काळ बसतो.

पॉडकास्टमध्ये आता अशी सोय झाली आहे की ध्वनिफितीत जाहिरात कायमची न भरता, श्रोता ती उतरवून घेतो त्या वेळी यंत्र आपोआप ती मध्ये घालते. सोय उत्तम आहे. परंतु कोणत्या क्षणी घालावी याची खूण करून देणाऱ्याने ती करून दिली नाही, तर यंत्राला वाक्य आणि श्वास यांतला भेद कळत नाही. आमच्या दीपस्तंभाच्या गोष्टीत तेल शिरले ते याच वाटेने. कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर नामगजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो, लहान मुले जागा बदलतात. आणि मग आख्यान सुरू होते. ती विश्रांती विषयाच्या सांध्यावर आहे. चाळीस मिनिटांच्या संभाषणात असे दोन तरी सांधे सहज सापडतात. ते शोधण्यासाठी करणाऱ्याने आपले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा पूर्ण ऐकले पाहिजे. ही मागणी अवास्तव आहे काय? तथापि, पुष्कळांनी आपलेच काम शेवटपर्यंत ऐकलेले नसते असा आमचा संशय आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. क्रिस्टोफर नोलन यांच्या 'इंटरस्टेलर' (२०१४) या चित्रपटातील काही संवाद संगीताखाली बुडून गेले अशी तक्रार तेव्हा झाली होती. आपण ते हेतुतः तसे ठेवले असा खुलासा दिग्दर्शकांनी केला. पुढे 'टेनेट' (२०२०) पाहतानाही अनेकांना शब्द कळले नाहीत. नोलन हे थोर कर्तबगारीचे दिग्दर्शक आहेत. त्यांच्यापाशी सत्तर मिलिमीटरचा भव्य पडदा आहे, नटांचे चेहरे आहेत, उसळणारा समुद्र आणि कोसळणारी विमाने आहेत. दहा शब्द हरवले तरी डोळे कथा पुढे नेतात. आणि तरीही प्रेक्षक चिडले! मग ज्याच्यापाशी शब्दावाचून दुसरे काहीच नाही, त्याने शब्दावर सतार, पाऊस आणि तबला यांचा मारा का करावा? पॉडकास्टमध्ये हरवलेला शब्द परत आणून देणारा कोणताही डोळा नसतो.

ध्वनीच्या बाबतीत चूक बहुधा तीन ठिकाणी होते. निवेदक ध्वनिग्राहकाच्या जवळ आणि पाहुणा दूर, म्हणून एकाचा आवाज मोठा व दुसऱ्याचा बारीक येतो. संगीत बोलण्याच्या खाली न राहता त्याच्या बरोबरीने चालते. आणि जाहिरात या दोहोंपेक्षा वरचढ असते. यावर उपाय आहेत व ते महाग नाहीत. कानाला एकंदर किती मोठे वाटते हे मोजण्याचे एलकेएफएस नावाचे एक माप आहे. ॲपल या कंपनीने पॉडकास्ट करणाऱ्यांस अशी सूचना दिलेली आहे की एकूण आवाज या मापाने उणे १६ च्या आसपास, एक डेसिबल इकडे किंवा तिकडे, एवढा ठेवावा. हे मोजणारी साधने संगणकावर फुकट मिळतात. परंतु मापाहूनही मोठी कसोटी आत्याबाईंची आहे. सत्तरीच्या माणसाला, स्वयंपाकघरात, शेगडीवर फोडणी चालू असताना, एका कानाने प्रत्येक शब्द कळतो का? कळत असेल तर ध्वनिमुद्रण चांगले झाले असे खुशाल समजावे.

चौथी गोष्ट पूर्णतेची. 'ड्यून' हा चित्रपट २०२१ साली आला तेव्हा जाहिरातींत त्याचे नाव एवढेच होते. 'भाग पहिला' हे शब्द प्रेक्षकाला आत बसल्यावर पडद्यावर दिसले. २०२४ सालच्या 'विकेड'चीही तीच तऱ्हा. दोन्ही चित्रपटांस यश मिळाले, दुसरे भागही आले. परंतु अर्धी कथा पूर्ण म्हणून विकली गेली ही रुखरुख पुष्कळांच्या मनात राहिली. याउलट 'बाहुबली'च्या २०१५ मधील पहिल्या भागाच्या नावातच आरंभ हा शब्द होता. कटप्पाने बाहुबलीला का मारले हा प्रश्न टांगता ठेवून तो संपला, आणि अवघा देश २०१७ पर्यंत हसत हसत वाट पाहत राहिला. अपूर्णतेचा राग येत नाही. न सांगता अपूर्ण ठेवल्याचा येतो.

आमच्या पॉडकास्टांत याचे जे रूप दिसते ते अधिक करुण आहे. दहा भागांची माला जाहीर होते, चौथ्या भागानंतर शांतता पसरते. कोणी निरोप घेत नाही, कोणी कारण सांगत नाही. करणाऱ्याच्या घरी आजारपण आले असेल, नोकरी बदलली असेल. श्रोता ते समजून घेईल, पण त्याला कळवावयास नको काय? चारच भाग करावयाचे असतील तर चारच जाहीर करावेत. भैरवी झाली की मैफल संपली हे सर्वांना कळते, आणि लोक तृप्त मनाने उठतात. भैरवी न होताच गवई उठून गेला तर मागे उरलेल्या श्रोत्यांनी काय करावे?

आमच्या या टीकेवरून कोणी असा अर्थ काढू नये की पॉडकास्ट सुलभ, आखूड आणि गोडगोड असावा. चित्रपटगृहात आम्हांस ज्यांचा वैताग आला त्यांत कठीण चित्रपट कधीही नव्हता. न कळलेल्या चित्रपटाने आम्हांस रात्रभर विचार करावयास लावले आहे, आणि त्याचे आम्ही ऋणीच आहोत. शिलालेखांवर दोन तास बोलणारा माणूस असेल तर त्याने दोन तास बोलावे. विषयाचे ओझे श्रोता आनंदाने वाहतो. व्यवस्थेचे ओझे तो वाहत नाही. चित्रपटाचे कर्ते आणि चित्रपटगृहाचे चालक हे दोन निराळे असतात, म्हणून तेथे एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलता येतो. पॉडकास्टमध्ये कलावंत तोच, चालक तोच, दारावर तिकीट फाडणाराही तोच. सबब सांगण्यास तेथे दुसरा माणूसच नाही.

आता एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींसाठी आम्ही इतकी शाई का खर्च केली, हे सांगितले पाहिजे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत आज एक गोष्ट समान आढळते. आजीची भाषा नातवंडांना कळते, पण तिच्यात बोलावयास ती धजत नाहीत. शाळेत ती नाही, बाजारात ती नाही. कोंकणीची स्थिती गोव्याबाहेरच्या घरांत याहून वेगळी नाही. नाटक कंपन्या पूर्वीसारख्या दूरवर फिरत नाहीत, पुस्तके वेळेवर पोहोचत नाहीत. अशा घरात मराठीचा किंवा कोंकणीचा एक जिवंत, शहाणा, परका आवाज रोज शिरू शकेल अशी वाट कधी नव्हे ती उघडली आहे. चित्रपटाला कंटाळलेला प्रेक्षक पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या चित्रपटाला जातो. परंतु इंदूरच्या एखाद्या मुलीने आजीच्या आग्रहाखातर एक मराठी पॉडकास्ट लावला, आणि सहा मिनिटे ढोल व स्तुतिपाठ ऐकून तो बंद केला, तर ती दुसऱ्या मराठी पॉडकास्टकडे वळेल याचा भरवसा कोणी द्यावा? हिंदीत आणि इंग्रजीत तिच्यासाठी पुष्कळ काही तयार आहे. तिने बंद केलेला तो पॉडकास्ट तिच्यापुरती मराठीची शेवटची हाक असू शकेल.

त्या रात्री बंद केलेला तो भाग आम्ही आठवड्याने पुन्हा लावला. यंत्रावरील खूण पुढे सरकवीत, तेलाची जाहिरात ओलांडून, त्या वयोवृद्ध गृहस्थांचे तुटलेले वाक्य आम्ही शोधून काढले. उत्सवाच्या रात्री दीपस्तंभावर चढून दिवे लावण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता; लहानपणी वडिलांच्या मागोमाग तेलाचे भांडे घेऊन आपण कसे चढलो, पाय कसे कापले, आणि वरून खाली पाहिले तेव्हा सारे गाव कसे दिसले, हे त्यांनी सांगितले. आत्याबाई शेजारी बसून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे आधीच का नाही रे ऐकवले?"

त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही. ते उत्तर पॉडकास्ट करणाऱ्या मंडळींनी द्यावयाचे आहे.